बामणीची शिळा आणि एकसष्टाचे कोडे

कोल्हापूरहून बंगळूरच्या रस्त्याने जाणारा प्रवासी कागलात फार तर चहापुरता थांबतो आणि दूधगंगेचा पूल ओलांडून कर्नाटकात निघून जातो. कागलच्या नैर्ऋत्येस दोन-अडीच कोसांवर असलेल्या बामणी गावाकडे वळण्याचे त्याला काही कारण नसते. पण इतिहासाच्या अभ्यासकांना बामणीचे नाव शंभराहून अधिक वर्षे ठाऊक आहे. तेथील जैन मंदिरापाशी एक शिलालेख आहे. त्याची लिपी जुनी कानडी, भाषा संस्कृत. कोल्हापूरच्या शिलाहार घराण्यातील राजा विजयादित्य याने पार्श्वनाथाच्या मंदिरासाठी शेत, फुलबाग आणि घर दिल्याची नोंद त्यावर आहे. दान स्वीकारणारे अर्हनंदी हे कोल्हापूरच्या माघनंदी नावाच्या जैन आचार्यांचे शिष्य. दान दिले ते भाद्रपद पौर्णिमेला, शुक्रवारी, चंद्रग्रहणाच्या पर्वकाळी.

असे दानलेख महाराष्ट्रात पुष्कळ आहेत, आणि त्यांतले बहुतेक वाचून झाले की माणूस विसरून जातो. या लेखाची मिती मात्र विसरण्याजोगी नाही. शिळेवर शक १०७३, प्रमोद संवत्सर असे कोरलेले आहे. जर्मन पंडित कीलहॉर्न यांनी हा लेख प्रसिद्ध केला, तेव्हा तिथी, वार, ग्रहण आणि संवत्सर यांचा मेळ घालून त्याचा दिवस ठरविला : ८ सप्टेंबर ११५०. शिळेवरचा शक ‘वर्तमान’ रीतीचा आहे. आपण पंचांगात मोजतो त्या ‘गत’ रीतीने तो १०७२ होतो.

शक १०७२. गणिताच्या इतिहासाचा ज्याला थोडासाही नाद आहे, तो हा आकडा वाचून थबकेल. भास्कराचार्यांनी आपला जन्म शक १०३६ मधला आणि ‘सिद्धान्तशिरोमणी’ची रचना वयाच्या छत्तिसाव्या वर्षाची, असे स्वतःच सांगून ठेवले आहे. बेरीज करा : १०७२. म्हणजे ज्या वर्षी कागलच्या मुलखात कुणी पाथरवट ग्रहणकाळच्या दानाची अक्षरे दगडात खोदीत होता, त्याच वर्षी सह्याद्रीच्या आश्रयाच्या दुसऱ्या एका गावी एक गणिती ग्रहणांचे गणित, ग्रहांच्या गती आणि त्यांबरोबरच एक विलक्षण कोडे लिहून पुरे करीत होता. बामणीची शिळा आजही वाचता येते. कोड्याचे उत्तरही आजपर्यंत टिकले आहे. या लेखात मला सांगायची आहे ती त्या उत्तराची, म्हणजे एका दहा अंकी संख्येची कथा. आणि ती कथा शेवटी मला पुन्हा कागलला का आणून सोडते, ते.

‘सिद्धान्तशिरोमणी’चे चार भाग : लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. पहिला भाग व्यवहाराच्या फार जवळचा. शिलाहारांच्या दानपत्रांत जमीन ज्या ‘निवर्तना’त मोजलेली आढळते, त्या निवर्तनाची व्याख्या लीलावतीच्या आरंभीच दिलेली आहे : दहा हातांचा एक वंश आणि वीस वंश लांब, वीस वंश रुंद ते निवर्तन. दुसऱ्या भागात, बीजगणितात, शेतीवाडी मागे पडते आणि संख्यांचेच स्वभाव तपासायला सुरुवात होते. तेथे भास्कराचार्य आपल्या मित्राला उद्देशून एक साधा दिसणारा प्रश्न टाकतात. एक पूर्ण संख्या घे. तिचा वर्ग कर, त्याला ६१ ने गुण, आणि त्यात १ मिळव. येणारी संख्या पुन्हा कुणाचा तरी पूर्ण वर्ग असली पाहिजे. अशी संख्या कोणती?

वाचकहो, प्रश्नात काहीच अवघड नाही. मराठी चौथीच्या मुलाला तो समजेल. ६१ च्या जागी ६० घेतले, तर तो मुलगा पाटीवर पाच मिनिटांत उत्तरही काढील : ४ चा वर्ग १६, साठाने गुणून ९६०, एक मिळवून ९६१, हा ३१ चा वर्ग. ६२ घेतले तरी तितकेच सोपे : ८ चा वर्ग ६४, बासष्टाने गुणून ३९६८, एक मिळवून ३९६९, हा ६३ चा वर्ग. अलीकडच्या घराचे दार असे सहज उघडते, पलीकडच्या घराचेही उघडते. मग मधल्याचे किती कठीण असणार, असे वाटून माणूस १, २, ३, ४ असे करीत निघतो. दहापर्यंत जमत नाही. शंभरापर्यंत जमत नाही. हजारापर्यंत, लाखापर्यंत जमत नाही.

शून्य सोडले तर ज्या सर्वांत लहान संख्येला हे जमते, ती संख्या आहे २२,६१,५३,९८०. बावीस कोटी एकसष्ट लाख त्रेपन्न हजार नऊशे ऐंशी. तिचा वर्ग एकसष्टाने गुणून त्यात एक मिळविला की येतात ३१,१९,८८,२९,८२,८६,०२,६४,४०१. आणि ही एकोणीस अंकी संख्या तंतोतंत वर्ग आहे १,७६,६३,१९,०४९ या संख्येचा : एक अब्ज शहात्तर कोटी त्रेसष्ट लाख एकोणीस हजार एकोणपन्नास.

हा आकडा चाचपडत सापडण्यासारखा नाही, हे पटवून घ्यायचे असेल तर एक हिशेब करून पाहावा. एक संख्या तपासायला एक मिनिट पुरते असे धरू. मोठ्या संख्यांना ते पुरणार नाही, पण धरू. रात्रंदिवस, जेवणझोप सोडून काम केले तर बावीस कोटींच्या घरात पोचायला सुमारे ४३० वर्षे लागतील. म्हणजे बामणीच्या दानाच्या दिवशी ज्याने मोजायला सुरुवात केली असती, तो पानिपतची दुसरी लढाई होऊन गेल्यावर, १५८० च्या सुमारास उत्तरापाशी पोचला असता. भास्कराचार्यांनी ते उत्तर आपल्या टिपणात मोजक्या ओळींत काढून दाखविले आहे. ती रीत समजून घेण्यासारखी आहे, कारण सारे मर्म तिच्यात आहे.

या जातीच्या प्रश्नाला आपल्याकडे ‘वर्गप्रकृती’ म्हणत. ज्या संख्येने गुणायचे ती ‘प्रकृती’. ज्याचा वर्ग करायचा ते ‘कनिष्ठ मूळ’. शेवटी येते ते ‘ज्येष्ठ मूळ’. आणि मिळवायची किंवा वजा करायची रक्कम तो ‘क्षेप’. भास्कराचार्यांच्या पाचशेहून अधिक वर्षे आधी, इ.स. ६२८ मध्ये, भिल्लमाळच्या ब्रह्मगुप्तांनी या विषयाचा पाया घातला होता. एकसष्टाच्या प्रश्नात १ चा क्षेप एकदम जमत नसेल, तर दुसरा कोणताही क्षेप घेऊन जवळपासचे उत्तर लिहा. अशी दोन उत्तरे मिळाली की त्यांच्या तिरप्या गुणाकारांतून तिसरे उत्तर तयार होते, आणि त्याचा क्षेप असतो पहिल्या दोन क्षेपांचा गुणाकार. या रीतीला त्यांनी ‘भावना’ असे नाव दिले. प्रकृती ९२ असताना हा प्रश्न वर्षभरात जो सोडवील तो खरा गणिती, असे आव्हानही त्यांनी देऊन ठेवले. त्याचे उत्तर १२० आणि ११५१.

पण भावना दोन उत्तरांतून तिसरे घडविते; योग्य दिशेने जायचे कसे, ते सांगत नाही. ती दिशा ‘चक्रवाल’ रीतीने दाखविली. हे नाव भास्कराचार्य पूर्वसूरींचे म्हणून देतात, स्वतःचे म्हणून नव्हे; आणि ते खरेही होते. १९५४ मध्ये कृपाशंकर शुक्ल यांनी उदयदिवाकर नावाच्या टीकाकाराच्या इ.स. १०७३ च्या ग्रंथातून जयदेव या गणित्याचे श्लोक उजेडात आणले, तेव्हा चक्रवाल रीत भास्कराचार्यांच्या आधीपासून प्रचारात होती हे सिद्ध झाले. चक्रवाल म्हणजे फिरते वर्तुळ. एका उत्तरावरून दुसरे, दुसऱ्यावरून तिसरे असे फिरत जायचे. प्रत्येक फेरीत अशी संख्या निवडायची की भागाकार निःशेष जावा आणि क्षेपही लहान राहावा.

आता एकसष्टाचे गणित पाहू. वाचकाने पेन्सिल हातात घेतली तर अधिक मौज येईल. कनिष्ठ मूळ १ घेऊ. १ चा वर्ग, गुणिले ६१, म्हणजे ६१. त्यात ३ मिळविले तर ६४, म्हणजे ८ चा वर्ग. तेव्हा कनिष्ठ १, ज्येष्ठ ८, क्षेप ३. पुढच्या फेरीसाठी अशी संख्या हवी की ती ८ मध्ये मिळविली असता बेरजेला ३ ने भाग जावा, आणि तिचा वर्ग ६१ च्या जवळ असावा. ती संख्या ७. ८ आणि ७ मिळून १५, भागिले ३ म्हणजे ५ : हे नवे कनिष्ठ. ८ गुणिले ७ म्हणजे ५६, त्यात ६१ मिळवून ११७, भागिले ३ म्हणजे ३९ : हे नवे ज्येष्ठ. आणि ४९ वजा ६१ म्हणजे उणे १२, भागिले ३ म्हणजे उणे ४ : हा नवा क्षेप. ताळा पाहा : ५ चा वर्ग २५, गुणिले ६१ म्हणजे १५२५, त्यातून ४ गेले तर १५२१, आणि ३९ चा वर्ग १५२१ च आहे.

क्षेप उणे ४ आला, आणि येथे भास्कराचार्यांनी ब्रह्मगुप्तांचा हात धरला. दोन्ही मुळांचे अर्धे करा, म्हणजे क्षेपाचा चतुर्थांश होतो : अडीच, साडेएकोणीस, क्षेप उणे १. मुळे अपूर्णांकात आली म्हणून त्यांनी भिऊन पाऊल मागे घेतले नाही. याच उत्तराची त्याच्याशीच भावना केली. आले १९५ चे अर्धे आणि १५२३ चे अर्धे, क्षेप १. या उत्तराची पहिल्याशी भावना केली; अपूर्णांक विरघळले आणि आले ३८०५ आणि २९,७१८, क्षेप उणे १. आता एकच पाऊल उरले. या जोडीची तिच्याशीच भावना. ३८०५ आणि २९,७१८ यांच्या गुणाकाराची दुप्पट म्हणजे कनिष्ठ मूळ, २२,६१,५३,९८०. आणि २९,७१८ च्या वर्गाची दुप्पट अधिक एक म्हणजे ज्येष्ठ मूळ, १,७६,६३,१९,०४९. एवढ्या पायऱ्या! जे अंतर चारशे तीस वर्षांचे होते, ते धूळपाटीवरच्या एका बैठकीचे झाले.

या वाटेने आलो म्हणूनच त्या दहा अंकी संख्येचा स्वभावही कळतो. तिच्यातून एक वजा करा : उरते ती २९,७१८ च्या वर्गाची नेमकी दुप्पट. तिच्यात एक मिळवा : येते ती ३८०५ च्या वर्गाची नेमकी १२२ पट, म्हणजे एकसष्टाच्या दुपटीने घेतलेला वर्ग. दोन शेजाऱ्यांच्या मधोमध ती उभी आहे, आणि शेजाऱ्यांचा गुणाकार करताच एकसष्टाचे कोडे सुटते. दुसरी गंमत भागाकारात आहे. ही संख्या मूळ संख्या नाही. तिला १५२३ ने पूर्ण भाग जातो आणि ११,५९,७६३ उत्तर येते. हा १५२३ कोठे भेटला होता? वाटेतल्या त्या अर्ध्या-अपूर्णांकाच्या पायरीत. प्रवासाच्या मुक्कामाची खूण पोचलेल्या गावाच्या वेशीवर कोरलेली असावी, तसे हे आहे. तिसरा गुण व्यवहाराच्या उपयोगाचा. ज्येष्ठ मुळाला कनिष्ठ मुळाने भागले तर ६१ चे वर्गमूळ मिळते, आणि ते सतरा दशांश स्थळांपर्यंत बिनचूक असते.

पण मग ६० आणि ६२ इतके सोपे आणि ६१ च इतके हट्टी का? ६१ चे वर्गमूळ सातहून अधिक आणि आठाहून कमी आहे. सात काढून टाका, उरलेला अपूर्णांक उलटा करा, त्यातला पूर्णांक पुन्हा काढा, पुन्हा उलटा करा, असे करीत गेले की मिळणारे पूर्णांक काही काळाने तेच ते येऊ लागतात. ६० आणि ६२ यांच्या बाबतीत ही आवर्तने चार पायऱ्यांची आहेत. ६१ चे आवर्तन अकरा पायऱ्यांचे आहे. शिवाय अकरा ही विषम संख्या. म्हणून एक फेरा पुरा झाला की क्षेप १ येण्याऐवजी उणे १ येतो, आणि त्या जागी बसलेली जोडी असते ३८०५ आणि २९,७१८ हीच. अधिक एकासाठी दुसरा फेरा करावा लागतो, आणि दुसऱ्या फेऱ्यात आकडे वर्गाच्या मानाने फुगतात. शंभरापर्यंतच्या कोणत्याही प्रकृतीचे लहानात लहान उत्तर एवढे मोठे नाही. ६१ ला मागे टाकणारी पहिली संख्या १०९ आहे. या सगळ्या गर्दीतून भास्कराचार्यांनी उदाहरण म्हणून ६१ च उचलली, यावरून त्यांनी शेजारच्या किती संख्या तपासून पाहिल्या असतील याची कल्पना येते.

आता पाचशे सात वर्षे पुढे यावे. १६५७ साल. इकडे पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला ते वर्ष. तिकडे फ्रान्समध्ये तुलूझ शहरी न्यायखात्यात काम करणारे फर्मा यांनी फेब्रुवारीत इंग्लंडमधील आणि इतर गणित्यांना एक आव्हान दिले. प्रश्न हाच, वर्गप्रकृतीचा. आपल्याच देशातील फ्रेनिकल यांना धाडलेल्या पत्रात त्यांनी नमुन्यादाखल दोन संख्या घातल्या : ६१ आणि १०९. सोपी उदाहरणे देत आहोत असा आव आणून त्यांनी नेमकी सर्वांत कठीण उदाहरणे दिली होती. फर्मा यांना भास्कराचार्यांचे नावही ठाऊक नव्हते. दोन माणसे, दोन खंड, पाच शतकांचे अंतर; आणि दोघांचे बोट एकाच आकड्यावर पडले, कारण तो आकडा खरोखरच तसा होता.

इंग्लंडात ब्राऊंकर आणि वॉलिस यांनी त्याच वर्षी उत्तराची रीत काढली. पुढे ऑयलर यांनी चुकून पेल नावाच्या गणित्याचे नाव या समीकरणाला दिले आणि ते अजून चालू आहे. १७६८ च्या सुमारास लाग्रांज यांनी शेवटचा शब्द सांगितला : प्रकृती पूर्ण वर्ग नसेल तर उत्तर असतेच, आणि ही रीत ते काढून देतेच, हे त्यांनी सिद्ध केले. भास्कराचार्यांचे बीजगणित युरोपाला इंग्रजीत नीट वाचायला मिळाले ते त्यानंतर, कोलब्रुक यांच्या १८१७ च्या भाषांतरातून. म्हणजे खडकीच्या लढाईच्या वर्षी.

येथे आपल्या मनात अभिमान दाटून येतो, आणि तो योग्य आहे. पण अभिमानाने हिशेब चुकता कामा नये. चक्रवाल रीत नेहमीच उत्तराला पोचते, हे भास्कराचार्यांना अनुभवाने ठाऊक होते. ती का पोचते याची सिद्धता त्यांच्या ग्रंथात नाही. उत्तर असतेच याची सिद्धता लाग्रांज यांच्या काळची. ज्याने वाट काढली त्याचा मान वाटेला, आणि ज्याने ती वाट कधीच चुकत नाही हे दाखविले त्याचा मान सिद्धतेला. दोन्ही खाती वेगळी ठेवली तर कोणाचेच देणे बुडत नाही. स्वतः भास्कराचार्यांनी चक्रवालाचे श्रेय पूर्वसूरींना देऊन हाच पायंडा घातला आहे.

मला अधिक टोचतो तो दुसरा प्रश्न. या विद्येचे आपल्या घरात पुढे काय झाले?

त्याचे अर्धे उत्तर दुसऱ्या एका शिळेवर आहे. चाळीसगावजवळ, डोंगराच्या कुशीत, पाटणादेवीच्या परिसरात एक शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांना आढळला आणि त्यांनी तो १८६५ मध्ये विद्वानांपुढे मांडला. त्यात भास्कराचार्यांची वंशावळ आहे. त्यांचे पुत्र लक्ष्मीधर यांना यादव राजा जैत्रपाळ याने आपल्या पदरी नेले. लक्ष्मीधरांचे पुत्र चांगदेव हे पुढे राजा सिंघण याचे मुख्य ज्योतिषी झाले. या चांगदेवांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी पाटण येथे मठ स्थापिला. त्याला दिलेल्या देणग्यांची १२०७ ची नोंद शिळेवर आहे, आणि तीही चंद्रग्रहणाच्या पर्वकाळची आहे. हाच सिंघण पुढे कोल्हापूरच्या दुसऱ्या भोजाचा पराभव करून पन्हाळ्याचा आणि आमच्या मुलखाचा धनी झाला. विजयादित्य शिलाहाराचा हा भोज मुलगा. असा बामणीच्या शिळेचा आणि पाटणच्या शिळेचा धागा इतिहासाने स्वतःच गाठ मारून ठेवला आहे.

पाटणच्या लेखाचा वरचा भाग संस्कृतात आहे. वंशाची कीर्ती, ग्रंथांचे गौरव, राजांची नावे त्यात आली आहेत. पण शेवटी मठाच्या खर्चाची तजवीज सांगायची वेळ आली, तेव्हा भाषा बदलते. तो भाग जुन्या मराठीत आहे. बाजारातल्या खरेदी-विक्रीवर किती द्यायचे, तेलाच्या घाण्यांनी काय द्यायचे, हे तेथे लिहिले आहे. ज्यांनी द्यायचे त्यांना समजेल अशा भाषेत. माझी नजर दर वेळी या ओळींवर येऊन अडते. जगातले त्या काळचे उत्तमोत्तम गणित शिकविणारा मठ बाजारकरी आणि तेली यांच्या देण्यावर चालणार होता. देण्याचा हुकूम मराठीत होता. शिकण्याचा ग्रंथ संस्कृतात होता. घाणा हाकणाऱ्याच्या मुलाने त्या मठात बसून एकसष्टाचे कोडे सोडवले असेल, असे त्या काळच्या समाजाकडे पाहून म्हणवत नाही.

ग्रंथ जगले, यात शंका नाही. टीका झाल्या, नकला झाल्या. लीलावतीचे फारसी भाषांतर अकबराच्या दरबारात फैजीने १५८७ मध्ये केले. बीजगणिताचे शहाजहानच्या काळात १६३४ मध्ये झाले. १३५६ मध्ये नारायण पंडितांनी वर्गप्रकृतीला पुन्हा हात घातला. मराठी माणसेही या परंपरेची सेवा करीत राहिली. पुण्यात जन्मलेले बापूदेव शास्त्री यांनी काशीत सिद्धान्तशिरोमणीची आवृत्ती काढली, आणि शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ मध्ये ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ लिहून सारा इतिहास मराठीत आणला. पण विद्या जगणे आणि विद्या वाढणे या दोन गोष्टी आहेत. जी रीत बाराव्या शतकात इतकी पुढे होती, तिला ‘का?’ असे विचारणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या फार थोडी निघाली. त्याची कारणे अनेक असतील. राज्ये बुडाली, आश्रय तुटले, हे खरे. पण ज्या समाजात शंभरातल्या पंच्याण्णव मुलांना पाटीच मिळत नाही, तेथे उरलेल्या पाचांतून दर शतकाला भास्कराचार्य निघावा ही अपेक्षा कोणत्या गणितात बसते?

आणि येथेच मी कागलला परत येतो. कागलच्या घाटगे घराण्यातील जयसिंगरावांचे पुत्र यशवंतराव १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू छत्रपती झाले. त्यांनी १९१७ मध्ये आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. त्या हुकुमात वर्गप्रकृती नव्हती, चक्रवाल नव्हते. बेरीज, वजाबाकी, पाढे, पावकी-निमकी एवढेच पोरांच्या वाट्याला येणार होते. पण पाटणच्या शिळेवर जे खाते सातशे दहा वर्षे एकतर्फी राहिले होते, त्याच्या जमेच्या बाजूला कागलच्या या पुत्राने पहिली मोठी रक्कम मांडली. देणाऱ्याच्या मुलाला शिकण्याचा हक्क मिळाला. माझ्या मते भास्कराचार्यांचा खरा वारसा मोजायचा तर त्यांच्या नावाच्या जयजयकाराने मोजू नये. किती घरांतल्या किती पाट्यांवर त्यांचे गणित पुन्हा मांडले जाते, त्याने मोजावा.

ते मांडणे अवघड नाही. एकसष्टाच्या पायऱ्या सातवी-आठवीच्या मुलाला गुणाकार-भागाकारावर करता येतात. आणि एवढी मोठी संख्या बरोबर आहे की नाही याची पहिली चाचणी नवाच्या ताळ्याने अगदी लहान मूलही घेऊ शकते. २२,६१,५३,९८० यातले अंक मिळवा : ३६, म्हणजे नवाने निःशेष. तेव्हा त्याचा वर्ग, त्याची एकसष्टपट, सारे निःशेष. एक मिळविला की शेष एक. आता १,७६,६३,१९,०४९ यातले अंक मिळवा : ४६, चार आणि सहा दहा, शेष एक. एकाचा वर्ग एक. ताळा जमला. ताळा जमल्याने उत्तर सिद्ध होत नाही, न जमल्याने मात्र चूक नक्की कळते. हेही मुलाला त्याच वेळी सांगावे.

बामणीचे दान ग्रहणाचे होते. ग्रहण सुटले, शिलाहार गेले, यादव गेले, दिलेले शेत कोणाकोणाच्या नावावर फिरले असेल ते तलाठ्याच्या दप्तरालाही सांगता येणार नाही. त्याच वर्षी भास्कराचार्यांनी मित्राला घातलेले कोडे मात्र जसेच्या तसे आहे; त्याचा एकही अंक झिजलेला नाही. या दिवाळीच्या सुट्टीत घरातल्या एखाद्या मुलापुढे पाटी ठेवावी, तिच्यावर १, ८ आणि ३ असे तीन आकडे लिहून द्यावेत, आणि सातावर त्याचे त्याला येऊ द्यावे.